जावयाने भरलेली अनामत

कोषागारात माझी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या बिलांवर आक्षेप काढण्यात गेली. पावतीची मूळ प्रत नाही, सहीखाली तारीख नाही, प्रवासभत्त्यात गाडीचा वर्ग लिहिलेला नाही. माझ्या टेबलावरून एखादं बिल पहिल्या फेरीत पास झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्यामुळे मेलबर्नहून लेकीचा फोन आला, "बाबा, व्हिसाचा फॉर्म मी भरते, तुम्ही फक्त पासपोर्टचा फोटो पाठवा," तेव्हा मला हसूच आलं. कालची पोर मला फॉर्म शिकवणार!

ऑस्ट्रेलियाला भेटीवर जायचं तर ६०० नंबरचा व्हिसा काढायचा. त्याच्या पोटात पुन्हा प्रकार. लेक म्हणत होती, 'टूरिस्ट'वर टिचकी मारा. मला ते पटेना. आम्ही काय कांगारू बघायला निघालो होतो? नातू बघायला निघालो होतो. खाली 'स्पॉन्सर्ड फॅमिली' असा सुरेख प्रकार दिसत होता, आणि त्यातल्या स्पॉन्सर्ड या शब्दाला मला विमानाच्या तिकिटांचाही वास येत होता. हिने विचारलं, "नक्की ना?" पूर्वी तालुक्याच्या कारकुनांसाठी राखून ठेवलेली नजर मी हिला दिली.

तिकिटांचे पैसे आम्हीच भरले. स्पॉन्सर म्हणजे हमीदार, आणि हमी कसली, तर ही म्हातारा-म्हातारी मुदतीत परत जातील याची. तोंडी हमी पुरली नाही, तर तिथलं सरकार माणशी ५,००० ते १५,००० डॉलर अनामत मागू शकतं. आमच्या जावयाकडे मागितली. सासरा वेळेवर परत गेला की पैसे परत. नाही गेला तर पैसे जप्त, वर पुढची पाच वर्षं कुणालाही बोलवायचं नाही. लेकीच्या लग्नात मी हुंड्याविरुद्ध भाषण ठोकलं होतं. आता जावईच आमच्यापायी पैसे भरत होता, आणि तेही आम्ही कायमचे राहू नये म्हणून. तेव्हापासून तो माझ्या तब्येतीची फार काळजी घेतो. परतीचं विमान चुकवील असं दुखणं त्याला परवडणारं नव्हतं.

मुक्काम बारा महिन्यांचा मागितला होता, म्हणून छातीचा एक्स-रे आला. सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर आपल्याकडच्यांना तो लागतोच, आणि तोही त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडचा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून मी आधीच सवलतीत काढून आणलेला एक्स-रे सध्या कपाटावर आहे. व्हिसा आला तो ईमेलने. पासपोर्टवर शिक्का नाही, चिकटवलेला कागद नाही. शिक्क्याशिवायचा आदेश मी जन्मात मानला नव्हता. पत्राच्या प्रती काढून साक्षांकित करून घेतल्या. विमानतळावर त्या कुणी मागितल्या नाहीत, मी पुढे केल्या तरी घेतल्या नाहीत.

पत्राखाली अटी होत्या. अट ८१०१: काम करायचं नाही. ही मला फार आवडली. मेलबर्नला पोचलो त्याच रात्री हिने भांडी विसळायला हाक मारली, तेव्हा मी ती मोठ्याने वाचून दाखवली. लेकीने लगेच मोबाइलवर व्याख्या शोधली. ज्याचा एरवी मोबदला मिळतो, तेच त्यांच्या कायद्यात काम. "मग हरकत नाही," ही म्हणाली. "ह्यांनी विसळलेल्या भांड्यांचे कोण पैसे देतंय!"

अट ८५०३ मात्र माझ्या आक्षेपू नजरेतून निसटली होती. तिचा अर्थ असा की तिथे असताना मुक्काम वाढवायला दुसरा व्हिसा मागायचा नाही. हे मला मेलबर्नमधल्या पॉइंट कुकच्या बागेत कळलं. संध्याकाळी तिथे बाबागाड्या ढकलत बरेच देशी आजोबा जमतात. त्यांतल्या सुरतच्या आजोबांनी आपला व्हिसा दाखवला. टूरिस्टच, पण पाच वर्षांचा, हवं तेव्हा या, हवं तेव्हा जा! लेकरू तिथलं नागरिक किंवा कायमचं रहिवासी असेल तर आईबापांना तसा मिळू शकतो. अठरा महिन्यांत बारापेक्षा जास्त महिने राहायचं नाही, एवढं पाळायचं. "तमे कयो लीधो?" त्यांनी विचारलं. मी विषय हवेकडे वळवला. मेलबर्नला ते सोपं जातं.

ऑकलंडला माझी धाकटी बहीण असते. इतक्या लांब येऊन तिला न भेटता जायचं? पण माझा व्हिसा एकदाच आत शिरण्याचा. तिकडे गेलो तर परत मेलबर्नला येता येणार नव्हतं. म्हणून तीच आली. ती न्यूझीलंडची नागरिक. विमानतळावर पासपोर्ट दाखवला की तिथल्या तिथे व्हिसा, हवं तितकं राहा, नोकरीसुद्धा करा. शाळेत असताना तिचे सगळे फॉर्म मी भरून देत असे.

आठवडाभर राहते म्हणून आलेली बहीण नातवात गुंतली आणि राहिली. आमची मुदत संपली तेव्हा आम्हाला विमानतळावर पोचवायला जावयाबरोबर तीही आली. मुदत वाढवून घ्यायची होतीस, दादा, असं म्हणाली. जावयाने खोकला काढला, आमच्या बॅगा स्वतः उचलून पट्ट्यावर ठेवल्या, आणि आम्ही तपासणीच्या पलीकडे दिसेनासे होईपर्यंत तो काही जागचा हलला नाही.