पिठ्या ढेकणा, तुझा मुक्काम संपला

पिठ्या ढेकणा,

पत्राच्या माथ्यावर ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची आमच्याकडे रीत आहे. तुझ्यापुरती मी ती मोडते. तुझ्या खुशालीची चौकशीही करत नाही, कारण तू किती खुशाल होतास हे मी भिंगातून स्पष्ट पाहिलं आहे. कोलकात्यातल्या भवानीपूरच्या या खोलीतल्या बॉन्साय वडाच्या प्रत्येक बेचक्यात तुझी पांढरी, मेणचट बिऱ्हाडं होती. पानांच्या शिरांलगत तुझी पिल्लं चिकटली होती आणि खालच्या फरशीवर तू टाकलेला चिकटा पसरला होता. वडाची पानं पिवळी पडून गळत होती; तुझी तब्येत मात्र उत्तम होती. हे पत्र खुलं ठेवते आहे, कारण तुझी करणी या गल्लीतल्या इतर खिडक्यांनाही कळायला हवी.

तू ज्याचा रस पितो आहेस तो वड माझा नाही, पूर्वी खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माशीमांचा आहे. त्यांच्या यजमानांच्या बागबाजारच्या वडिलोपार्जित घराच्या कार्निसवर तो उगवला होता. उत्तर कोलकात्यातल्या जुन्या घरांवर असे वड-पिंपळ उगवतात आणि वेळीच काढले नाहीत तर मुळं विटांमध्ये शिरून भिंत फोडतात. त्या यजमानांनी, आमच्या मेशोमशायांनी, भिंत वाचवली आणि रोपही वाचवलं. अलगद सोडवून आधी कुंडीत, मग उथळ ताटात लावलं. तारा बांधून फांद्या वळवल्या, ठरावीक वर्षांनी मुळं छाटली, माती बदलली. पुढे ते गेले. माशीमा मुलीकडे बंगळुरूला कायमच्या राहायला निघाल्या तेव्हा ताट माझ्या हाती देत म्हणाल्या, ‘देखे रेखो, मा.’ सांभाळ गं, पोरी. एका माणसाचं अर्ध्या आयुष्याचं लक्ष त्या वीतभर खोडात आहे. तुला त्यात फक्त गोड रस दिसला.

ज्येष्ठातल्या पौर्णिमेला हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासाच्या आसपास राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या बायका या वडाला सूत गुंडाळायला येतात. फांदी तोडून आणून पुजण्यापेक्षा जिवंत वड पुजावा, म्हणून इतके जिने चढून येतात. तू लपलास तो त्या पांढऱ्या सुताच्या आड. सूत पांढरं, तूही पांढरा. पाऊसभर कोणाला संशय आला नाही. जागा नेमकी निवडलीस, एवढं तुझ्याबद्दल कबूल करावं लागेल.

वड ही काय चीज आहे, हे तुला सांगायला हवं. गंगेपलीकडे शिवपूरला 1787 साली सुरू झालेली वनस्पती-बाग आहे, आता आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाची. तिथला महावट अडीचशेहून अधिक वर्षांचा आहे. 1864 आणि 1867 च्या चक्रीवादळांनी त्याच्या फांद्या मोडल्या, जखमांतून बुरशी शिरली आणि अखेर 1925 मध्ये त्याचं मूळ खोडच कापून काढावं लागलं. खोड गेलं, झाड राहिलं. पारंब्यांवर उभं राहून ते आजही पसरतंय. 20 मे 2020 च्या अम्फान चक्रीवादळानेही त्याच्या कितीतरी पारंब्या पाडल्या, तरी ते उभं आहे. तू ज्याला वाकवायला निघालास तो याच जातीचा. फरक इतकाच की शिवपूरच्या वडाला पसरायला एकरांनी जमीन आहे आणि याला पसाभर माती. त्याची हजार पानं गेली तरी कोणाच्या लक्षात येत नाही, याचं प्रत्येक पान मोजून असतं. बळ पाहून नव्हे, अडचण पाहून तू झाड निवडतोस.

आणि माझा खरा राग इथेच आहे. उघड्यावर तुझी अशी मिजास चालत नाही. तिथे धो-धो पाऊस तुला धुऊन काढतो, ऊन तुझ्या पिल्लांना सुकवतं, आणि तुझे वैरी तर चहूकडे असतात. क्रिप्टोलीमस नावाचा एक छोटा ढालकिडा आहे, ऑस्ट्रेलियाचा. 1898 मध्ये दक्षिण भारतात कॉफीच्या मळ्यांतल्या खवले किडीसाठी आणला गेला आणि इथलाच होऊन राहिला. त्याची अळी अंगावर पांढऱ्या मेणाचे झुपके घेऊन, हुबेहूब तुझ्याच रूपात तुझ्या वस्तीत शिरते आणि तुझी अंडी-पिल्लं फस्त करते. (कित्येक बागवाले तिला तू समजून चिरडतात, या पत्राचे इतर वाचक असतील त्यांनी ही अळी एकदा नीट पाहून ठेवावी. ती तुझ्यापेक्षा मोठी होते आणि चपळ चालते.) तुझ्या एका भाऊबंदाचंही आठवतंय का? पपईवरचा पिठ्या ढेकूण, मूळचा मेक्सिकोकडचा. 2008 मध्ये कोइंबतूरकडे सापडला आणि पाहता पाहता महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांपर्यंत पोचला. फवारे मारून शेतकरी थकले. 2010 मध्ये प्युर्टो रिकोहून परोपजीवी गांधीलमाश्या आणून सोडल्या, तेव्हा तो आवरला. त्यांतली अॅसेरोफॅगस पपाये मिलिमीटरभरही नसते. ती तुझ्या जातीच्या अंगात अंडी घालते आणि तिची अळी आतून पोखरून बाहेर येते.

घरात यांपैकी कोणी नाही. हिरव्या झडपांच्या खिडक्या, काचा, जाळ्या, उन्हाळ्यात एसी. पाऊस बाहेर, वारा बाहेर, ढालकिडा बाहेर. झाडाचे सगळे सोबती दाराबाहेर थांबले आणि तू तेवढा आत आलास. बहुधा शेजारच्या जास्वंदीवरून आलास. कालीघाटच्या देवीला वाहायची लाल जबा, म्हणजेच जास्वंद, इथे घरोघरी कुंडीत असते, आणि तुझ्या जातभाईंचं जास्वंदीवरचं प्रेम जगजाहीर आहे. 1994 मध्ये गुलाबी पिठ्या कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर पोचला तेव्हा तिथल्या जास्वंदी त्यानेच वाळवल्या. ज्याला कोणी सोबती उरला नाही अशा झाडावर ताव मारायचा, यात कसला पराक्रम? म्हणून ते सोबत्यांचं काम आता मी हाती घेतलं आहे. पाऊसही मी, ऊनही मी, ढालकिडाही मी.

तुझ्या कुळाची मला माहिती आहे. लाखेचा किडा तुझ्याच दूरच्या नात्यातला. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर तोही रस पिऊनच जगतो. पण पुरुलियातल्या बलरामपूरची आणि रांचीकडची किती कुटुंबं त्याच्या लाखेवर जगली! बांगड्या, चपडी, लाकडावरचं पॉलिश, टपालाच्या थैल्यांवरची मोहर, सगळं त्याच्या अंगातून आलं. त्याच्यासाठी 1924 पासून रांचीला संशोधन संस्था आहे. तू काय देतोस? चिकटा. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते, पान काजळून जातं, काळ्या पानावर उजेड पडला तरी आत पोचत नाही. म्हणजे रस पिऊन जे उरलं, तेही तू झाकून टाकतोस.

आणि तुझ्या मुंग्या! त्या तुझ्या चिकट्याच्या लोभाने येतात आणि बदल्यात तुझी राखण करतात, ढालकिडा जवळ आला तर त्याला हुसकतात, तुझ्या पिल्लांना एका फांदीवरून दुसरीवर नेऊन सोडतात. तुझी मादी पंखहीन, जागची फारशी न हलणारी, तरी कापसासारख्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते. नराला पंख असतात, पण तोंडच नसतं. चार दिवसांत मरतो. एवढ्या पांगळ्या फौजेनिशी तू घरभर फिरतोस ते मुंग्यांच्या जिवावर. म्हणून पहिला घाव त्यांच्यावर घातला. वडाचं स्टूल आता चार पाण्याच्या वाट्यांत उभं आहे, आजी दुधाच्या कपाटाचे पाय ठेवायची तसं. मुंग्यांची रांग भिंतीपाशी येऊन वळते आणि परत जाते.

पुढचं तू भोगतोच आहेस, पण इतर घरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. वड आधी बाकी झाडांपासून दूर नेला. सूत सोडवलं, फांद्यांवरच्या जुन्या तारा कापल्या, कारण तारेच्या खाचेइतकी तुला दुसरी आवडती जागा नाही. जिथे तू दाटीने बसला होतास ती बारकी डहाळी छाटून पिशवीत बंद केली. चीक वाहिला, तो ओल्या फडक्याने दाबून थांबवला. मग कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक बिऱ्हाड पुसलं. स्पिरिट तुझं मेण विरघळवतं, आणि मेण गेलं की तू नुसता एक मऊ, गुलाबी, निराधार जीव असतोस. आधी एका पानावर लावून दोन दिवस थांबावं, पान भाजलं नाही तरच पुढे जावं. मातीवर प्लास्टिक बांधून झाड आडवं धरून नळाखाली धुतलं, पानांच्या खालच्या बाजूने. त्यानंतर कडुलिंबाचं तेल, लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर, तेल पाण्यात मिसळावं म्हणून साबणाचे थोडे थेंब, आणि फवारा संध्याकाळी, ऊन कलल्यावर.

हे एकदा करून भागत नाही, हेच तुझं खरं शस्त्र. तुझ्या कापसासारख्या पिशवीतल्या अंड्यांवर तेलाचा परिणाम होत नाही. आठवड्याभरात ती फुटतात आणि केसाच्या टोकाएवढी पिवळसर पिल्लं फांदीवर चालू लागतात. त्यांच्या अंगावर अजून मेण नसतं. तुला खऱ्या अर्थाने मारता येतं ते एवढ्या अवधीत. म्हणून दर आठवड्याला पुन्हा पाहायचं, पुन्हा पुसायचं, पुन्हा फवारायचं, आणि पांढरं काही दिसेनासं झालं तरी आणखी काही आठवडे थांबायचं नाही. माणसं दुसऱ्या फवाऱ्यानंतर कंटाळतात. तू त्या कंटाळ्यावर जगतोस.

रोपांच्या एका दुकानात मला झाडाच्या अंगात भिनणारं विष सुचवलं गेलं: मातीत टाका, महिनाभर पाहायला नको. मी आणलं नाही. झोपायच्या खोलीशेजारी तसलं विष मला नको आहे, आणि फाल्गुनात हा वड पुन्हा गच्चीच्या उजेडात जाईल तेव्हा त्याच्यावर येणारा ढालकिडा मला जिवंत हवा आहे. नाशिक-सांगलीचे द्राक्ष बागाईतदार व्हर्टिसिलियम बुरशी फवारून तुझ्या जातीला आवरतात. त्या बुरशीला दमट हवा लागते, आणि कोलकात्याइतकी दमट हवा तिला कुठे मिळणार! पुढच्या पावसाळ्यात तू कुठे डोकं वर काढलंस तर तिच्याशी गाठ आहे.

तुझी मेजवानीही बंद केली आहे. इथे कुंड्यांना मोहरीच्या पेंडीचं कुजवलेलं पाणी घालतात. फुलझाडांना ते मानवतं. पण आजारी वडाला ते दिलं की लुसलुशीत, रसाळ पालवी फुटते आणि ती थेट तुझ्या तोंडात जाते. झाड सावरेपर्यंत पेंड नाही. पाणीही माती वरून सुकल्यावरच. झाड दक्षिणेच्या खिडकीत हलवलं. जागा बदलली की वड रुसून थोडी पानं टाकतो, तेव्हा त्या गळतीला तू आपला विजय समजू नकोस. कोलकात्याची हिवाळी किरणं कोवळी असतात, ती त्याला सोसतात. परवा खोडाच्या वरच्या बाजूला लालसर टोकाचा एक कोंब दिसला. वडाचा नवा कोंब अगदी असाच आवरणात गुंडाळलेला येतो. माशीमांना फोनवर सांगितलं तेव्हा त्या काही क्षण गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, फोटो पाठव.

आता तुझी एकच जागा उरली आहे आणि ती मला ठाऊक आहे: मुळं. मातीखाली तुझी काही मंडळी बसली असतील, वरून काही कळू न देता. आत्ता थंडीत झाड ताटातून उपटून त्याला दुहेरी त्रास मी देणार नाही. फाल्गुनात ऊब आली, कोंब पुढे सरकले की वड बाहेर काढेन, सगळी जुनी माती बंद पिशवीतून फेकून देईन, मुळं पाण्याच्या धारेखाली शेवटच्या केसापर्यंत धुईन, ताट उकळत्या पाण्याने घासेन आणि नव्या, निचऱ्याच्या मातीत त्याला बसवेन. तोवर दर रविवारी सकाळी भिंग आणि स्पिरिट घेऊन मी येते आहे. डाव्या खालच्या फांदीच्या काखेत परवा पुन्हा एक पांढरा ठिपका दिसला होता. तो आता तिथे नाही.

तुझ्या पाळतीवर असलेली,
भवानीपूरची एक रहिवासी