पाच खाती आणि एक म्हैस

कल्याणच्या रेतीबंदरावर जुलैत खाडी चढली की तबेल्यांतल्या म्हशी दुर्गाडीच्या रस्त्यावर येऊन उभ्या राहतात. कोणी हॉर्न वाजवतं, कोणी मोबाइल काढतं. पूररेषा कुठून जाते हे शहराला नकाशा उलगडल्यावर समजतं, म्हशीला खुराला पाणी लागल्यावर. तरी नगररचनेच्या बैठकीला तिला बोलावणं नाही.

उल्हास नदीकाठचा ठाणे, मुंब्रा, दिवा, डोंबिवली पश्चिम ते कल्याण हा पट्टा खाडीच्या भरतीवर जगलेला. जुन्या लोकांनी बांध घातले, त्यांत पाणी सोडण्या-अडवण्याच्या उघाड्या बसवल्या, आत भात लावलं. दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस वरचं मीठ धुऊन नेतो. कापणीनंतर धसकटावर गुरं सुटतात. उन्हं तापली की खालचं खारं पाणी वर ओढलं जातं आणि उघड्या जमिनीला मीठ फुटतं. सकाळी पाहावं तर मातीवर पांढरी पापडी, बोटाने उचलावी अशी.

अशा खाऱ्या जमिनीवरच्या कुरणाचं शास्त्र फार अवघड नाही. जमीन उघडी पडू द्यायची नाही; गवत मुळाशी आलं की गुरं दुसऱ्या तुकड्यात न्यायची. ओल्या चिखलात म्हशी सोडायच्या नाहीत. खुरांनी माती दबते, पाणी मुरत नाही आणि मीठ धुऊन जायचं राहतं. खारट चारा खाणाऱ्या जनावराला पिण्याचं गोडं पाणी भरपूर लागतं. संपलं. यासाठी सल्लागार कंपनी नेमावी लागत नाही, त्यामुळेच बहुधा कोणी हाती घेत नाही.

पण म्हशीने अर्ज करायचाच ठरवला तर कुठे करावा? गुरचरण महसूल खात्याचं. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २२ खाली ते राखून ठेवता येतं. बांध आणि उघाडी जलसंपदा खात्याच्या खारभूमी यंत्रणेकडे, १९७९ च्या कायद्यानुसार. तिवरं वनखात्याच्या कांदळवन कक्षाची. दूध दुग्धविकासाचं. बंदराचा धक्का मेरिटाइम बोर्डाचा. गवत कोणाचंच नाही. या सगळ्या प्रकरणात भरती-ओहोटी तेवढी वेळेवर होते. तिला अजून कोणी अधिकारी नेमलेला नाही.

तिकडे फ्रान्समध्ये मों-सां-मिशेलच्या किनाऱ्यावर भरतीचं पाणी येणाऱ्या खारट कुरणांत मेंढ्या चरतात. त्यांच्या मांसाला युरोपीय संघाचं मूळस्थानाचं संरक्षण आहे, आणि गिऱ्हाईक त्या खारट गवताचेच पैसे मोजतं. ऑस्ट्रेलियात क्षारांनी नासलेल्या गव्हाच्या जमिनीत सॉल्टबुश नावाचं झुडूप लावतात. ते भूजल खाली ओढतं, आणि चारा आटतो त्या दिवसांत मेंढ्यांचं पोट भरतं. हे वाचून आपल्याकडे एखादा अभ्यासदौरा निघायला हरकत नाही. रेतीबंदरापर्यंत निघणार नाही, तिथे प्रवासभत्ता किती मिळणार?

गुरचरणाची काळजी न्यायालयांनी मात्र घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्राने तसा शासननिर्णय काढला. मग २०२२ मध्ये राज्य सरकारनेच उच्च न्यायालयात आकडा दिला: गायरानांवर २ लाख २२ हजारांहून जास्त अतिक्रमणं. अकरा वर्षांत निर्णयाची अंमलबजावणी नक्की कोणत्या बाजूने झाली हे विचारू नये.

बेकायदा बांधकामाला कागदही मिळतात: डोंबिवलीत खोट्या बांधकाम परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण गाजलं. माळ्यावर माळे चढेपर्यंत कागद कोणाला खोटे वाटले नाहीत. कल्याण-डोंबिवलीलगतच्या २७ गावांचं वेगळंच: ती १९८३ मध्ये पालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये परत आली. गुरचरणाचा मालक ग्रामपंचायत की महापालिका, हे तिथल्या बैलाने प्रत्येक निवडणुकीनंतर विचारून घ्यावं.

जमीन उघडी पडू द्यायची नाही, हा कुरणाचा पहिला नियम मात्र दिवा-मुंब्र्याच्या खाडीकाठी कसोशीने पाळला जातो. तिवरांवर रात्री डंपर रिकामे होतात आणि सकाळपर्यंत जमीन राडारोड्याने झाकलेली असते. त्या भरावावर चाळी उठतात, मग इमारती. मीठ अर्थात राहतं तिथेच. दोन पावसाळ्यांनी ते तळमजल्याच्या भिंतीला फुटतं. रहिवासी म्हणतात ओल आली, आणि सोसायटी वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशनं मागवते.