रोवणीच्या दिवसांतले रिटर्न

दुसऱ्याचे प्राप्तिकराचे विवरणपत्र भरून देणे हा भारतात परवाना न लागणारा व्यवसाय आहे. लेखापरीक्षणाला सीए लागतोच; पण पगारदाराचे साधे रिटर्न भरायला संगणक, प्रिंटर, इंटरनेट आणि स्वभाव एवढेच भांडवल पुरते. पैकी पहिल्या तीन गोष्टी तुमसरच्या बाजारात मिळतात. अमेरिकेत पैसे घेऊन हे काम करणाऱ्याला सरकारकडून क्रमांक घ्यावा लागतो. आपल्याकडे २००६ साली केंद्र सरकारने पदवीधरांना शिकवून अधिकृत विवरणपत्र तयारकर्ते नेमण्याची योजना काढली होती. गावोगावी मात्र हे काम ज्याच्या दुकानात झेरॉक्स मशीन होते, त्याच्याकडेच आपसूक गेले.

नाकाडोंगरी हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले, मध्य प्रदेशच्या सीमेजवळचे गाव. आजूबाजूला धानाच्या बांध्या आणि जंगल. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून वगळलेले असल्यामुळे धानाच्या मुलखात या व्यवसायाला खरे तर उपाशी मरायला हवे. पण जवळच डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मॉइल या सरकारी कंपनीच्या मॅंगनीजच्या खाणी आहेत. म्हणजे जमिनीवर पिकते ते करमुक्त, जमिनीखालून निघते त्यावर पगार, आणि पगारावर कर. त्यात जिल्हा परिषदेचे शिक्षक, वन विभागाचे कर्मचारी, रेल्वेवाले, निवृत्तिवेतनधारक आणि खनिज वाहणाऱ्या ट्रकांचे मालक मिळवले, की एका दुकानाला जूनपासून मान वर करायला सवड मिळू नये एवढे गिऱ्हाईक होते.

या व्यवसायातली मूळ अडचण पंचांगाची आहे. १ एप्रिल ते ३१ मार्च हे आर्थिक वर्ष भारताला १८६७ साली इंग्रजांनी दिले. त्याआधी, १८६० साली, जेम्स विल्सन यांनी प्राप्तिकर भारतात आणला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते कलकत्त्यात वारले. पुढचा व्याप पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. त्या कराच्या स्मरणार्थ प्राप्तिकर विभाग २४ जुलैला प्राप्तिकर दिन साजरा करतो. पगारदारांची मुदत परंपरेने ३१ जुलैला संपते, त्यामुळे विवरणपत्र भरणाऱ्याला या सणाची सुट्टी मिळाल्याचे ऐकिवात नाही. देशभरातल्या प्राप्तिकर अधिकाऱ्यांना घडवणारी संस्था १९५७ पासून नागपुरात, म्हणजे धानपट्ट्याच्या दारातच आहे. तरीही ३१ जुलै ही तारीख ऐन रोवणीत येते, हे कोणाच्या लक्षात आलेले दिसत नाही.

रोवणी म्हणजे पऱ्ह्यातली रोपे उपटून चिखलणी केलेल्या बांधीत लावणे. पाऊस पडला की तीच करायची असते, आणि त्या दिवसांत खाणीतला कामगार असो की शाळेतला गुरुजी, घरची दोन एकर असेल तर सुट्टीच्या दिवशी तो बांधीतच सापडतो. विवरणपत्र भरणारा त्याला वेगवेगळ्या दिवशी फोन करतो आणि तो दरवेळी ‘उद्या येतो’ म्हणतो. हा उद्या साधारणपणे ३० जुलैला उजाडतो.

त्या दिवशी दुकानात जे घडते त्याचा प्रत्यक्ष कराशी फार थोडा संबंध असतो. आकडेमोड संगणक करतो आणि फॉर्म सोळा समोर असेल तर साध्या पगारदाराचा हिशेब चहा थंड होण्याआधी उरकतो. हंगाम खरा खातो तो ओटीपी. विवरणपत्राची पडताळणी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या सहा आकड्यांनी होते. प्राप्तिकर विभागाचे पोर्टल त्यासाठी पंधरा मिनिटे आणि तीन प्रयत्न देते. मोबाइल पावसापासून वाचवायला पॉलिथिनमध्ये गुंडाळून धुऱ्यावरच्या झाडाला टांगलेला असतो.

‘‘भाऊ, ओटीपी आला का जी?’’

‘‘आला असन. पन माहे हात चिखलात हायेत. पोराले सांगतो.’’

पोरगा धावत जातो आणि मोठ्या आवाजात आकडे वाचतो. ते रिचार्ज संपत आल्याच्या संदेशातले निघतात. दुसऱ्या प्रयत्नात खरा ओटीपी सापडतो, तेव्हा पंधरा मिनिटे होऊन गेलेली असतात. वनरक्षक गस्तीवर असेल तर तेवढेही नाही. तिथे रेंजच नसते. सर्वांत अवघड प्रकार म्हणजे आधारला जोडलेला नंबर मुलीचा, आणि मुलगी लग्न होऊन परगावी. मग दुकानदाराला आधी जावयाची ओळख करून घ्यावी लागते, ख्यालीखुशाली विचारावी लागते, आणि नंतर हळूच सहा आकडे मागावे लागतात. अनोळखी माणसाला ओटीपी सांगू नका, अशी जाहिरात सरकारनेच घरोघर पोचवलेली असल्याने जावई ते देत नाही. तो शहाणाच म्हटला पाहिजे.

जुन्या पद्धतीतही सुख होते असे नाही. ओटीपीने पडताळणी न करणाऱ्याला सही केलेली पोचपावती टपालाने विभागाच्या बंगळुरूच्या केंद्राला पाठवता येते. कुरिअर तिथे चालत नाही, टपालच लागते. पूर्वी त्यासाठी १२० दिवस मिळत, ऑगस्ट २०२२ पासून ते ३० झाले. पाकीट टाकले की काम झाले असे मानणारे अजूनही आहेत, आणि पाकीट खिशात ठेवून टाकले असे सांगणारेही.

ओटीपीच्या खालोखाल मान नावाचा. खाणीच्या नोंदीत एक नाव, पॅनवर दुसरे आणि आधारवर तिसरे, ही अवस्था इतकी सर्रास आढळते की तिन्ही नावे जुळणारा माणूस आला तर त्याच्याकडे जरा संशयानेच पाहिले जाते. जुन्या नोंदी करणाऱ्याने कानावर पडेल तसे लिहिले, पॅनवाल्याने वडिलांचे नाव मध्ये घातले, आधारवाल्याने आडनाव गाळले. पॅन आणि आधार जोडण्याची मुदत ३० जून २०२३ ला संपली. ज्यांचे जोडले गेले नाही त्यांचे पॅन निष्क्रिय झाले, आणि ते पुन्हा चालू करायला हजार रुपये पडू लागले. बँकांचेही तसेच. विदर्भ क्षेत्रीय आणि वैनगंगा कृष्णा या ग्रामीण बँकांची २०१३ साली विदर्भ कोकण ग्रामीण बँक झाली, आणि १ मे २०२५ पासून ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली. दरवेळी गिऱ्हाईक तेच जुने पासबुक घेऊन येते आणि रिफंड त्याच खात्यात हवा असे सांगते.

शिक्षक हा या धंद्यातला सर्वांत तयारीचा आणि म्हणूनच सर्वांत कठीण ग्राहक. त्याचा हंगाम जुलैत नव्हे, फेब्रुवारीत सुरू होतो. कारण त्या महिन्याच्या पगारातून वर्षाचा उरलेला कर कापायचा असतो आणि त्याआधी विवरण द्यावे लागते. व्यवसाय करही याच महिन्यात हात दाखवतो. अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाचे २,५०० बसतात. राज्यघटनेने घातलेली मर्यादाच तेवढी आहे, हे सांगून गुरुजींचे समाधान होत नाही. त्यात वेतन आयोगाची थकबाकी आली की कलम ८९ ची सूट आणि तिच्यासाठी फॉर्म १०ई. तो विवरणपत्राआधी भरला नाही तर सूट जाते. मागच्या कित्येक वर्षांचे पगार त्यात टाकावे लागतात. गुरुजी ते वहीत तारीखवार लिहून आणतात आणि शेजारी बसून बेरीज तपासतात.

ट्रकमालकांचे गणित कायद्यानेच सोपे केले आहे. दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्याला अंदाजे उत्पन्न दाखवता येते. हलक्या गाडीचे महिन्याला ७,५०० रुपये. बारा टनांपेक्षा जड गाडीला टनामागे हजार. गाडी महिनाभर गॅरेजमध्ये उभी असली तरी कायद्याच्या नजरेत ती कमावतच असते. या कलमाचे स्पष्टीकरण मालकाला गॅरेजचे बिल हातात असताना देऊ नये.

रिफंड हा स्वतंत्र विषय आहे. कर कापला गेला हे लक्षात नसते, पण शेजाऱ्याला किती रिफंड आला ते पैशापर्यंत पाठ असते. ‘‘त्याले अठरा हजार आले, मले कायले तीन?’’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर एकच आहे: शेजाऱ्याने काय दाखवले ते विचारा. घरभाडे नसताना घरभाडे, न दिलेली देणगी, नाव न ऐकलेल्या राजकीय पक्षाला मदत असे दाखवून रिफंडच्या टक्केवारीवर काम करणारी मंडळी देशभर निघाली, आणि १४ जुलै २०२५ ला प्राप्तिकर विभागाने सुमारे दीडशे ठिकाणी तपासणी केली. वार्षिक माहिती विवरणात मुदत ठेवीचे व्याज, शेअर, जमिनीचे व्यवहार सगळे दिसत असल्याने आता लपवण्यापेक्षा आठवणे अवघड झाले आहे. सचोटीचा दुकानदार तीन हजारांवर ठाम राहतो आणि एखादे गिऱ्हाईक गमावतो. ते पुढच्या वर्षी नोटीस घेऊन परत येते.

मुदतवाढीची आशा हा हंगामाचा स्थायीभाव. २०२५ साली मेमध्येच मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली. रोवणी सुटली, पण पोळा, मारबत आणि गणपती सापडले. ईडापीडा घेऊन जाणाऱ्या मारबतीबरोबर त्या वर्षी पोर्टलही पाठवावे, असे अनेक दुकानांत मनापासून वाटले असणार. १५ सप्टेंबरच्या रात्री उशिरा आणखी एका दिवसाची वाढ जाहीर झाली, तेव्हा जे जागे होते त्यांचे काम झालेले होते आणि ज्यांचे राहिले होते ते झोपलेले होते. त्या दिवसापर्यंत देशात सात कोटींहून अधिक विवरणपत्रे दाखल झाली होती. त्यातली किती कोणाच्या चिखलभरल्या बोटांनी पूर्ण झाली याची नोंद पोर्टल ठेवत नाही.

मुदत चुकली तरी जग बुडत नाही. ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे विवरणपत्र भरता येते. विलंबशुल्क पाच हजार, आणि उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर एक हजार. हे शुल्क दुकानदारच खातो असा समज पसरलेला आहे. तो दूर करण्यासाठी चलन दाखवावे, पण त्याने फार फरक पडत नाही.

ऑगस्टमध्ये व्यवसायवाल्यांचे लेखापरीक्षण तोंडावर येते, त्याची तारीख ३० सप्टेंबर. तोवर बंगळुरूहून सूचनापत्रे यायला लागतात. बहुतेकांत ‘तुमचे विवरणपत्र मान्य’ एवढेच असते, पण सरकारी शिक्का पाहून माणूस घाबरून दुकानात येतो आणि ते वाचून दाखवण्याचे पैसे दुकानदार घेत नाही. मूळ कामाची फीही त्या वेळी मिळतेच असे नाही. ‘‘धान झालं का देतो जी’’ असे सांगितलेले असते. धान दिवाळीच्या आगेमागे निघते, खरेदी केंद्रावर जाते, आणि चुकारे खात्यात पडल्यावर फी येते. उशिरा दिलेल्या फीवर विलंबशुल्क घेण्याची तरतूद प्राप्तिकर कायद्यात नाही.