गोदामातील अज्ञात करकमलांस

राजमान्य राजश्री अज्ञात करकमल, मुक्काम कोणतेतरी गोदाम, यांसी शेगावहून एका निवृत्त शिक्षकाचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले नाव मला ठाऊक नाही, मुखदर्शनाचा योग आलेला नाही, आणि ज्या कंपनीच्या चाकरीत आपण असता तिचे नाव मी येथे मुद्दाम घेत नाही; कारण आपल्या हस्तस्पर्शाचा जो प्रत्यय मला नुकताच आला, तो पाहता आपल्यासारखी विभूती एकाच कंपनीच्या वेतनपटावर मावण्यासारखी नाही, अशी माझी खात्री झाली आहे.

प्रसंग असा. माझ्या वडिलांनी १९४० च्या सुमारास अकोल्याच्या बाजारात घेतलेले, शिसवी पेटीचे, आठवड्यातून एकदा चावी मागणारे एक भिंतीवरचे घड्याळ आमच्या ओसरीवर होते. मुले परगावी, भिंतीला ओल आणि मला शिडीवर चढण्याची वैद्यांनी केलेली मनाई, या त्रिविध कारणांनी ते विकावे असे ठरले, आणि नातवाने त्याचे सहा बाजूंनी फोटो काढून ते इंटरनेटवरच्या लिलावात मांडले. चार हजारांवर दोन दिवस निश्चल बसलेली बोली शेवटच्या दहा मिनिटांत १४,५०० पर्यंत कशी चढली, हे मी चष्मा पुसपुसून पाहत होतो. आणि पुण्याच्या एका सद्गृहस्थांनी त्याच रात्री पैसे पाठवले, तेव्हा वस्तू विकणे हे काम संपले असून आता नुसते पोचविणे उरले आहे, असा भ्रम मला झाला.

बांधाबांधीत मी कसूर केली असे कोणी म्हणू नये. जाणकारांस विचारून लोलक काढला, कारण तो आत लटकता राहिला तर वाटेतील प्रत्येक खड्ड्यागणिक घणासारखा आतल्या यंत्रावर बसतो. तो आणि चावी वेगळ्या जुन्या मोज्यांत गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवली. काचेवर चिकटपट्टीची फुली मारली, म्हणजे फुटलीच तर तुकडे यंत्रात पडू नयेत. बबल रॅप तीन पदरी. मग खोक्यात खोका, आणि दोन खोक्यांमधील चहूबाजूंच्या तीन बोटे जागेत वर्तमानपत्रांचे बोळे. येथे मात्र माझे चुकले, हे पत्र उपरोधिक असले तरी कबूल केले पाहिजे: वर्तमानपत्राचा बोळा पहिल्या दिवशी फुगलेला असतो आणि तिसऱ्या दिवशी बसतो, व तो बसला की आतला खोका बाहेरच्या खोक्यात शेंगेतल्या दाण्यासारखा वाजू लागतो. बंद केलेली पेटी हलवून पाहावी आणि आवाज आला तर पुन्हा उघडावी, ही साधी रुजवात मी केली. पण ती पहिल्या दिवशी केली. अखेरीस चारही बाजूंना तांबड्या शाईने ‘काच आहे, सांभाळून’ असे लिहिले आणि वरची बाजू दाखविणारा बाण काढला. तो बाण म्हणजे पेटी कोणत्या दिशेस भिरकावावी याची सूचना होय, असा आपला समज झाला असल्यास दोष माझ्या चित्रकलेचा.

शेगावहून पुण्यास निघालेली ही पेटी प्रथम नागपुरास गेली. नातू फोनवर तिचा प्रवास दाखवीत असे आणि पश्चिमेस जावयाची वस्तू पूर्वेस का चालली, या माझ्या प्रश्नावर ‘आजोबा, तिकडे हब आहे’ असे उत्तर देई. आमच्या गावची रीत वेगळी आहे. येथून दरवर्षी श्री गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी पंढरपुरास पायी निघते, सुमारे महिनाभर चालते, ऊन आणि पाऊस दोन्ही अंगावर घेते, आणि तिचे ओझे या खांद्यावरून त्या खांद्यावर दिवसातून किती वेळा जाते याची गणती नाही. पण खांदा देणारा पुढच्याचा खांदा लागल्याशिवाय आपला काढीत नाही. आपल्याकडे ओझे एका हातून दुसऱ्या हाती जाताना मध्ये काही काळ आकाशात असते, एवढाच काय तो पद्धतीचा फरक.

तथापि आपला मोठा गुण मी विसरत नाही, आणि तो म्हणजे समदृष्टी. वेदान्ती लोक जन्मभर घासून जी मिळवू पाहतात ती अभेदबुद्धी आपणांस गोदामात सहज साध्य झाली आहे: पुस्तकांचा गठ्ठा, पायताणांची जोडी आणि ऐंशी वर्षांचे घड्याळ यांत आपण भेद मानीत नाही. म्हणूनच एक वस्तू आपल्या हाती आली नाही, याबद्दल मी समस्त वऱ्हाडच्या वतीने समाधान व्यक्त करतो. ज्या रघोजी भोसल्यांचा अंमल एके काळी आमच्या या मुलखावर होता, त्या सेनासाहेबसुभ्यांची, पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत त्यांचे नाव कोरलेली तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती मध्यस्थामार्फत घेतली. तिच्यासाठी जे ४७.१५ लाख रुपये जाहीर झाले, त्यांत हाताळणी, वाहतूक आणि विमा यांचा खर्च धरलेला होता, हे वाक्य मी वर्तमानपत्रात दोनदा वाचले. कारण लिलावाच्या बातमीत हाताळणीचा उल्लेख करण्याइतका सुज्ञपणा क्वचित आढळतो. हातोडा पडल्यापासून १८ ऑगस्टला तलवार मुंबईस उतरेपर्यंत १११ दिवस गेले. मध्यंतरी ११ ऑगस्टला राज्याचे सांस्कृतिक कार्यमंत्री ती ताब्यात घेण्यास स्वतः लंडनला गेले. माझ्या घड्याळाला मंत्री नव्हता.

आपण म्हणाल की साध्या टपालानेही मोठमोठ्या वस्तू सुखरूप गेल्या आहेत, आणि ते खरे आहे. आपल्याच दक्षिणेकडच्या खाणीतून निघालेला म्हणून ओळखला जाणारा होप हिरा १९५८ साली हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनच्या संग्रहालयास साध्या तपकिरी कागदात गुंडाळून नोंदणी टपालाने पाठवला, आणि तो एका पोस्टमनने नेऊन दिला. गांधीजींचा चष्मा तर २०२० साली ब्रिस्टलच्या एका लिलावगृहाच्या टपालपेटीत, साध्या पाकिटात, अर्धा बाहेर लोंबकळत सापडला. पुढे त्याला २,६०,००० पौंड आले. चष्म्याची गोष्ट निव्वळ दैवाची म्हणून सोडून देऊ. पण हिऱ्याच्या टपालखर्चाचा तपशील पाहण्यासारखा आहे: एकंदर १४५ डॉलर २९ सेंट, पैकी वाहतुकीचे फक्त २ डॉलर ४४ सेंट, आणि बाकी सर्व विम्याचे. कागद साधा होता, पावती साधी नव्हती.

येथे मला आपल्यापुढे मान खाली घालावी लागते. दुकानातील मुलाने ‘काका, किंमत किती टाकू?’ असे विचारले तेव्हा, विम्याचे दोन-अडीचशे रुपये वाचावेत या वऱ्हाडी काटकसरीने, चौदा हजार पाचशेंचे घड्याळ मी पाचशे रुपयांचे म्हणून जाहीर केले. आपल्या पूर्वजांना जोखमीचे मोल चांगले कळत होते. समुद्रावरच्या व्यापारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा दस्तऐवज चाले, तिचा पैसा माल सुखरूप बंदराला लागला तरच वसूल होई, आणि गलबत बुडाले तर हुंडी घेणाराही त्याबरोबर बुडे. इंग्रजांनी मात्र जोखमीचा भार वाहणाऱ्याच्या माथ्यावरून हळूच उतरवला. १८६५ च्या वाहकांच्या कायद्यात सोने, जवाहीर, काच, घड्याळे यांची एक यादीच होती, आणि त्यांतील शंभर रुपयांवरच्या वस्तूची किंमत आधी सांगितली नसेल तर ती हरवल्याची वा मोडल्याची जबाबदारी वाहकावर नसे. १८९८ च्या टपाल कायद्याच्या ६ व्या कलमाने तर सरकारने स्वतःलाच, स्पष्ट शब्दांत हमी दिली असेल तेवढे वगळून, मुक्त करून घेतले होते. हे दोन्ही कायदे आता रद्द झाले. वृत्ती चिरंजीव आहे. माझ्या पावतीच्या मागील बाजूस मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत तीच वृत्ती छापलेली होती, आणि मी चष्मा घालून बोली वाचली तशी ती वाचली नाही.

पुण्याच्या सद्गृहस्थांनी पेटी उघडतानाचे चित्रण पाठवले. पहिल्या पापुद्र्यापासूनच आत काहीतरी खळखळत होते. मी त्यांचे पैसे परत केले आणि आपल्या कंपनीकडे नुकसानभरपाईची दरखास्त केली, तिला सतराव्या दिवशी उत्तर आले. त्यात म्हटले आहे की, रवाना करतानाचे वजन ६ किलो ४०० ग्रॅम आणि पोचवतानाचे वजनही तंतोतंत ६ किलो ४०० ग्रॅम भरले असल्याने वाटेत कोणतीही हानी झालेली नाही. शाळेत तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवून वस्तुमानाच्या अक्षय्यतेचे इतके निर्दोष उदाहरण मला कधी सुचले नव्हते. तरीही केवळ सौजन्य म्हणून जाहीर किमतीचे पाचशे रुपये देण्यास ते तयार आहेत. फुटलेले तुकडे तपासणीसाठी त्यांच्याच मार्फत, माझ्या खर्चाने, पाठवावेत अशी अट आहे.

लोलक आणि चावी मात्र मोज्यांत निर्धास्त होती. परत येऊन सध्या ती माझ्या मेजावर आहेत.

आपणांस कधी दर्शनाच्या निमित्ताने शेगावी येणे घडले तर घरी अवश्य यावे. स्टेशनावरची गरम कचोरी आपणांस खाऊ घालीन. फक्त ती आपल्या हाती न देता ताटलीत ठेवून आपल्यासमोर सरकवीन.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवू नये ही विनंती.