संकोच नको

आपल्याकडचा पाहुणा काही मागत नाही. "चहा?" "नको नको, आत्ताच झाला." आता यजमानाने ओळखायचं, की याला चहा हवा आहे, साखर जरा कमी हवी आहे आणि सोबत काही आलंच तर त्यालाही ना नाही. अशीच माणसं पुढे प्रोग्रॅमर होतात आणि तसेच क्लास लिहितात. बाहेरून बघावं तर कन्स्ट्रक्टर रिकामा. मला कुणाचं काही नको! आत डोकवावं तर तिसऱ्या ओळीत डेटाबेसचं कनेक्शन स्वतःच उघडलेलं, दहाव्या ओळीत ईमेल पाठवणारा ऑब्जेक्ट 'न्यू' करून उभा केलेला. नको नको म्हणत स्वयंपाकघरात शिरून डबे उघडायचे, तसं. आणि अशा क्लासची टेस्ट लिहून चालवली, की खऱ्या गिऱ्हाइकाला खरी ईमेल जाते.

डिपेन्डन्सी इंजेक्शन ही या भिडस्तपणावरची सक्ती आहे. काय लागतं ते कन्स्ट्रक्टरमध्ये, दारातच सांगायचं. आणून द्यायचं काम कंटेनरचं, म्हणजे ऑब्जेक्ट बनवून पुरवणाऱ्या यंत्रणेचं. टेस्टमध्ये ईमेल पाठवल्याचं नुसतं सोंग करणारा ऑब्जेक्ट हातात दिला, तरी क्लासला पत्ता लागत नाही. हे नाव रूढ झालं मार्टिन फाउलर यांच्या जानेवारी २००४ मधल्या लेखामुळे. त्याआधी सगळे याला 'इन्व्हर्जन ऑफ कंट्रोल' म्हणायचे. फाउलर यांचं म्हणणं, तो गुण तर बहुतेक फ्रेमवर्कमध्ये असतोच, त्याचं कौतुक करणं म्हणजे माझ्या गाडीला चाकं आहेत म्हणून मिरवणं. त्याच वर्षी मार्चमध्ये स्प्रिंग १.० हे फ्रेमवर्क आलं आणि कोणाला काय द्यायचं याच्या याद्या एक्सएमएलमध्ये लिहिण्यात जावावाल्यांची बरीच वर्षं गेली.

२०१६ साली आलेल्या एएसपी डॉट नेट कोअरमध्ये कंटेनर घरचाच मिळतो. ॲप सुरू होताना नोंदी करायच्या, अमक्या इंटरफेसला तमका क्लास. इथवर सोपं आहे. खरी गंमत आयुर्मानात आहे, कारण प्रत्येक नोंदीसोबत तेही ठरवावं लागतं. ट्रान्झियंट म्हणजे मागाल तेव्हा नवा. स्कोप्ड म्हणजे एका रिक्वेस्टपुरता एक, रिक्वेस्ट संपली की तोही संपला. सिंगलटन ॲपसोबत जगतो आणि ॲपसोबतच जातो. आता एखाद्या सिंगलटनने कन्स्ट्रक्टरमध्ये स्कोप्ड ऑब्जेक्ट मागितला तर? रिक्वेस्ट संपते, पण हा त्याला सोडतच नाही. मार्क सीमन यांनी याला 'कॅप्टिव्ह डिपेन्डन्सी' असं नाव दिलं आहे. बंदी बहुधा डेटाबेसशी बोलणारा डीबीकॉन्टेक्स्टच असतो. एका वेळी एकाचंच काम करायला तो बनलेला, आणि आता एकाच वेळी दहा रिक्वेस्ट त्याच्यावर तुटून पडतात. डेव्हलपमेंटमध्ये फ्रेमवर्क ही चूक पकडून साफ नकार देतं. प्रॉडक्शनमध्ये मात्र ही तपासणी एरवी बंद असते. वेग वाचवायचा म्हणून! ज्याने ती सेटिंग हाताने चालू करून ठेवली आहे, त्याच्या कोडवर माझा थोडा जास्त विश्वास बसतो.

माझ्या मते या पद्धतीचा टेस्टपेक्षाही मोठा फायदा म्हणजे क्लासची हाव दिसते. ऑर्डर घेणाऱ्या एका क्लासला रिपॉझिटरी, लॉगर, कॅशे, पेमेंट, एसएमएस, पीडीएफ करणारा आणि घड्याळसुद्धा लागतं हे अकरा पॅरामीटरांच्या रांगेत उघडं पडतं. ते पाहून क्लासचे दोन तुकडे करावेत असं वाटायला हवं. काहींना वाटतंही. पण तेवढ्यात कोणीतरी हुशार माणूस सुचवतो, अकरा कशाला, थेट आयसर्व्हिसप्रोव्हायडर, म्हणजे अख्खा कंटेनरच मागून घ्या, लागेल ते आतून काढता येईल. कन्स्ट्रक्टर एका ओळीत मावतो, रिव्ह्यूमध्ये सगळ्यांना आवडतो, आणि क्लासला नेमकं काय लागतं ते पुन्हा कुणालाच सांगता येत नाही.