सराफ व्हा, साखरेचे

सोन्याचे दागिने घडवायला भांडवल लागते, चांदीचे घडवायला हुपरीत जन्म घ्यावा लागतो आणि मोत्यांचे करायचे तर सोसायटीतल्या निम्म्या बायका आधीच करत असतात. म्हणून होतकरू कारागिराने सरळ हलव्याच्या दागिन्यांकडे वळावे. कच्चा माल किराणा दुकानात मिळतो. माल चोरीला गेला तर पोलिसांत जावे लागत नाही, घरातल्याच कोणाच्या तरी तोंडाकडे पाहिले की तपास पूर्ण होतो.

धंद्याचे वेळापत्रक पंचांगातून काढावे. संक्रांत सूर्यावर चालते, रथसप्तमी चंद्रावर, त्यामुळे हळदीकुंकवाचा हंगाम दरवर्षी लांब-आखूड होतो. २०२४ साली तो १५ जानेवारी ते १६ फेब्रुवारी असा महिनाभर पसरला होता; २०२६ साली १४ ते २५ जानेवारीत आटोपला. बँकेत कर्ज मागायला गेलात तर हे साहेबांना सांगू नका. सूर्य-चंद्रांच्या भांडणावर कर्ज देण्याची त्यांच्या फॉर्ममध्ये सोय नसते.

आता कार्यशाळा. जागा निवडताना प्रकाश, ऐसपैसपणा, वास्तुशास्त्र वगैरे गोष्टी विसरा. साखर हवेतले पाणी ओढून घेते, हा एकच नियम ध्यानात ठेवा. स्वयंपाकघर बाद, तिथे कुकर आहे. गॅलरी बाद, तिथे वाळत घातलेले कपडे आहेत. हॉलमध्ये पाहुणे येतात आणि पाहुण्यांना चव घेण्याची खोड असते. उरते बेडरूम. दारे-खिडक्या बंद, पंखा बंद, कारण पंखा लावला की सोनेरी कागद कपाटामागे जातो. पुणेकराला डिसेंबरची कोरडी थंडी फुकट मिळते आणि तो ती स्वतःची कर्तबगारी समजतो. मुंबईकराने एसी लावावा आणि बिल दागिन्यांच्या किमतीत धरावे.

मुंग्यांसाठी टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात. हा आजीचा उपाय आजही चालतो, पण टेबल भिंतीपासून वीतभर दूर हवे आणि वरून मोबाइलच्या चार्जरची वायर लोंबती नको. मुंगीला पूल ओळखता येतो. खडू, पावडर, फवारा यांतले काहीही वापरू नये. दागिना शेवटी बाळाच्या गळ्यात जातो आणि गळ्यातून तोंडात.

हलवा घरी करावा की विकत आणावा, यावर दोन पंथ आहेत. घरी करणाऱ्यांचा विधी असा: परातीत खसखस, तीळ किंवा साबुदाणा घ्यायचा, परात अगदी मंद शेगडीवर ठेवायची, एकतारी पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी हलवत राहायचे. पाक जास्त पडला की दाण्यांचे लाडू, आच जास्त झाली की पिवळा रंग, हात थांबला की तळाला खर. हे काही दिवस नेटाने केले तर दाण्यावर काटा फुलतो, तोही थंडी असेल तरच. तोवर तुमच्या बोटांचे ठसे इतके पुसले गेलेले असतात की रेशन दुकानातले मशीन तुम्हाला ओळखत नाही. विकत आणणारा पंथ अर्ध्या तासात बाजारातून परत येतो. या मार्गदर्शिकेचा कल दुसऱ्या पंथाकडे आहे. मात्र स्टॉलवर बोलताना पहिल्या पंथाचे वर्णन करावे.

हलव्याच्या दाण्याला भोक नसते, आणि इथेच खरे कारागीर कळतात. मणी ओवता येतो. हलवा दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा असा अडकवावा लागतो की गाठ आवळली पण काटा मोडला नाही. हाताला घाम येत असेल तर हा उद्योग सोडून पापड लाटावेत. खाली काळे कापड अंथरा, पांढऱ्यावर पांढरे शोधून डोळे जातात. बाजूबंद, मुकुट, कंबरपट्टा यांना आतून पुठ्ठा लागतो आणि जगातला सर्वोत्तम पुठ्ठा लग्नपत्रिकेचा. तो जाड असतो, सोनेरी असतो आणि फुकट घरपोच येतो. जिची पत्रिका, तिच्याच पहिल्या संक्रांतीचा तन्मणी तिच्यावर बसवता आला, तर कच्च्या मालाचे ते सर्वोच्च नियोजन समजावे. फक्त वराच्या वडिलांचे नाव आतल्या बाजूला राहील असे पाहावे.

घाई असेल तेव्हा गोंदाने चिकटवतात. चालते. पण मग ‘हे खायचं का?’ या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे लागते.

मापांत चूक नको. बाळाचे बोरन्हाण पाच वर्षांपर्यंत कधीही होते, आणि वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ४५ ते ४७ सेंटिमीटर असतो. मुकुट मागून नाडीचा करा, म्हणजे सगळी बाळे एका मापात बसतात. बाळाच्या मुकुटात तार वापरू नये, सुटा दाणा तर अजिबात राहू देऊ नये. लहान पोराच्या घशात दाणा अडकणे ही या लेखातली एकच विनोद नसलेली गोष्ट आहे. जावयाच्या संचात हार, गुच्छ आणि नारळ परंपरेने येतातच. हल्ली हलव्याचे घड्याळ आणि हलव्याचा मोबाइलही मागतात. मोबाइल करावा. तो लागत नाही म्हणून जावई निदान समोर बघून बोलतो.

आता स्टॉल. मंगल कार्यालयातल्या प्रदर्शनात तुम्हाला एक टेबल, दोन खुर्च्या आणि आयोजक काकूंचे एक स्मित मिळते. टेबल कुठे मिळाले यावर सगळे ठरते. चहा-पोह्यांच्या काउंटरशेजारी वाफ, दाराशी ऊन, गूळपोळीवाल्या ताईंशेजारी मुंग्यांची संयुक्त आघाडी. कोपरा मागावा आणि ‘मला काय, कुठेही चालेल’ अशा सुरात मागावा. टेबलावर जमिनीपर्यंत पोचणारे काळे मखमली कापड टाका. खाली रिकामी खोकी, डबा आणि दमलेला नवरा लपतो. सोन्याचे सराफ पिवळा दिवा लावतात, कारण त्यात सोने खुलते. पिवळ्या उजेडात हलवा मात्र गेल्या वर्षीचा दिसतो. पांढरा एलईडी आणा. हॅलोजन आणलात तर दुपारपर्यंत सगळा माल सरबताच्या दिशेने निघेल.

आरसा मोठा ठेवा. बायका दागिना आवडला म्हणून घेत नाहीत, दागिन्यातल्या आपण आवडलो म्हणून घेतात. मात्र खरा माल गळ्यात घालू देऊ नये, मानेच्या घामाने तो जागीच सौम्य होतो. घालून बघायला थर्माकोलच्या मण्यांचा नमुना ठेवा. तो इतका हुबेहूब नको, की कोणाचा नातू त्याचाच लचका तोडेल.

भवानी होईपर्यंत खुर्चीवर बसू नये, मोबाइल बघू नये. गिऱ्हाईक येईल. आधी फोटो काढेल, ‘बहिणीला पाठवते हं.’ बहीण हे सर्व व्यवहारांचे अपील न्यायालय आहे. मग संवाद सुरू होईल.

‘कितीला?’

‘पूर्ण संच साडेसातशे, काकू.’

‘अगं, साखरेचाच ना?’

इथे उत्तराची तालीम घरी झालेली असावी. साखर किती लागली हे सांगितलेत तर काकू भाव किलोवर आणतील, आणि किलोच्या हिशेबात तुमचा तन्मणी चार रुपयांचा आहे. तेव्हा किंमत लावताना साहित्य, खोके, टेबलाचे भाडे आणि गाठी मारण्यात गेलेल्या दुपारी या चारही गोष्टी धराव्यात. दुपार हा शब्द मात्र तोंडातून जाऊ देऊ नये, कारण काकूंच्या मते दुपार फुकट असते. त्यांचीही आयुष्यभर फुकटच धरली गेली.

‘हे तर मी घरीही केलं असतं.’

‘जरूर करा काकू. शेगडी आहे ना कोळशाची?’

शंभरातल्या नव्वद जणी इथे हसतात आणि पाकीट काढतात. उरलेल्या खरेच घरी करतात, आणि पुढच्या वर्षी तुमच्या शेजारच्या टेबलावर बसलेल्या दिसतात.

रथसप्तमी झाली की माल घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करून वरच्या फळीवर टाकावा. मग साधारण चौथ्या दिवशी न्यू जर्सीहून फोन येईल. ‘आमच्या मंडळाचं हळदीकुंकू पुढच्या शनिवारी ठेवलंय, त्याआधी हॉलच मिळाला नाही. बाळाचा संच शिल्लक आहे का गं?’ अशा वेळी पंचांग मिटावे आणि डबा उघडावा. कुरिअरवाला विचारेल, आत काय आहे. दागिने म्हणालात तर तो विम्याचा कागद काढतो, मिठाई म्हणालात तर एक्स्पायरी विचारतो. ‘हस्तकला’ असे सांगावे, आणि त्याने वजन करायला खोके उचलले की दुसरीकडे बघावे.