पावरवाले भाऊ

पावरवाले भाऊंची गाडी पंपाकडे वळताना दिसली की रांगेतले शहाणे लोक गुपचूप शेजारच्या मशीनकडे सरकतात. नवखे अडकतात. भाऊंचं पेट्रोल भरणं म्हणजे मुलगी पाहायचा कार्यक्रम असतो. पसंती झाल्याशिवाय टाकीचं झाकण उघडत नाही.

आधी बोर्डावर खडूनं लिहिलेली घनता वाचून होते. मग भाऊ फिल्टर पेपर मागतात. तो मागायचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे, पण अख्ख्या पांढुर्ण्यात तो बजावणारे भाऊ एकटेच. त्यामुळे कागद मॅनेजरच्या ड्रॉवरमधून, पावतीपुस्तकांखालून हुडकून आणावा लागतो. नोजलच्या तोंडाचा एक थेंब त्यावर पाडायचा आणि उडू द्यायचा. मागे डाग राहिला तर भेसळ. डाग राहत नाही. भाऊ कागद उन्हात धरतात, उलटा करतात, थोडे निराश होतात आणि मग मान वर करून म्हणतात, "ठीक हाय. पावर टाक. सादं नाई!" पोरगा केव्हाचा पावरच्याच मशीनपाशी उभा असतो. पण ते वाक्य त्याच्यासाठी नसतंच. ते असतं मागे शंभराची नोट हातात धरून ताटकळलेल्या स्प्लेंडरवाल्यांसाठी.

कंपनी कोणतीही असो, पंपावर कुणी त्याला स्पीड म्हणो की एक्सपी ९५, आमच्याकडे महाग ते पावर आणि स्वस्त ते सादं. आणि पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात प्रत्येक मोठ्या गावात एक तरी भाऊ असा असतो, ज्याच्या गाडीला सादं 'सोसत नाही'. आमच्या भाऊंची गोष्ट एवढीच वेगळी की त्यांच्याकडे खरोखर स्पोर्ट कार आहे. निदान दिसायला.

एका वर्षी संत्र्याचा आंबिया बहार जोरात आला, नागपूरच्या कळमना बाजारात त्याला भाव लागला आणि भाऊ नागपुरातून ट्रॅक्टरऐवजी सॅन स्टॉर्म घेऊन आले. सॅन मोटर्स नावाच्या हिंदुस्थानी कंपनीनं १९९८ साली आणलेली ही दोन दारांची, दोन माणसांची, छत उघडणारी गाडी. अंग फायबरचं, आत रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद ६० अश्वशक्ती. आजच्या साध्या स्विफ्टची याहून जास्त भरते. पण स्विफ्टचं छत उघडत नाही. भाऊंनी गाडी थेट सौंसरजवळच्या जामसावळीला नेली. तिथला मारुती निजलेला आहे. बुटकी गाडी दारात उभी राहिली तेव्हा देवाला मान उचलायची गरज पडली नसावी. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, आणि परतताना पहिल्याच स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासलं. "स्पोर्ट कार खालीच असते," भाऊ म्हणाले.

नंबर अजून एमएच ३१ आहे. मध्य प्रदेशचा करून घ्या म्हटलं की भाऊ हसतात. नागपूरची पाटी हाही त्यांच्या लेखी पावरचाच भाग.

भाऊंचं अर्थशास्त्र मात्र ऐकावं असं आहे. मध्य प्रदेशात पेट्रोलवरचा कर जड, त्यामुळे सीमेपलीकडे महाराष्ट्रात ते लिटरमागे दोन-तीन रुपये स्वस्त पडतं. ही गोष्ट आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असते. म्हणून भाऊ महिन्यातून एकदा टाकी भरायला सावनेरला जातात. जाऊन-येऊन शंभराच्या आसपास किलोमीटर. तिथे पोचल्यावर, वाचलेल्या दोन-तीन रुपयांच्या खुशीत, लिटरमागे सात-आठ रुपये जास्त देऊन पावर भरतात. येताना निम्म्या वाटेत थांबून चहा. हिशेब विचारला तर म्हणतात, "नागपूरले कामच होतं ना बापा!" काम नागपूरला असतं, भाऊ सावनेरहून परत येतात, आणि हा मुद्दा कुणी काढत नाही. त्यांच्या गाडीत मागची सीट नसली तरी गावात त्यांचा मान आहे.

सौंसरचा एक मिस्त्री मात्र मान वगैरे ठेवत नाही. गाडी त्याच्याकडेच असते, त्यामुळे त्याला परवडतं. एकदा बॉनेटमध्ये डोकं घालून त्यानं भाऊंना सांगितलं, "भाऊ, ऑक्टेन म्हंजे ताकद नाई. सबुरी हाय, सबुरी. इंजिन पेट्रोलले दाबते. ठिणगीची आग पोचायच्या आधीच ते आपोआप पेटलं, का इंजिन ठोकते. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल तेवढं दम धरते. ज्याची गाडी लय दाबते, टर्बोवाली, परदेशी, त्याले पाह्यजे. तुमची कुठं दाबते?" भाऊ दुखावले. गाडी दाबत नाही म्हणणं म्हणजे खानदानावर गेल्यासारखं झालं. मिस्त्री थांबला नाही. पूर्वी साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं असायचं; वीस टक्के इथेनॉल मिसळायला लागल्यापासून तेच ९५ च्या घरात गेलं. म्हणजे पाटीवरच्या ज्या ९५ साठी भाऊ जास्त पैसे मोजतात, ते आता शेजारच्या स्प्लेंडरमध्येही फुकटात पडतंय. वर उरतं ते इंजिन साफ ठेवायचं औषध. त्याचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण 'पिकअप' म्हणून भाऊ जे सांगतात ते बाटलीत भरून मिळत नाही.

भाऊंनी यावर पलटवार केला आणि इथे, माझ्या मते, त्यांनी एक डाव जिंकला. "मंग इथेनॉलचं काय? जुन्या गाडीचे रबर खाते ते!" हे खरं आहे. त्या काळच्या गाड्यांचे पाइप आणि सील वीस टक्क्यांच्या हिशेबानं बनलेले नाहीत. शिवाय इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच जोर, म्हणजे ॲव्हरेजही थोडं उतरतं. मिस्त्रीही मान हलवत होता. पण मग त्यानं शांतपणे विचारलं, "आन तुमच्या पावरमधी इथेनॉल नाई का?" असतं. भाऊंनी हात पुसायचा बोळा उचलला आणि आरसा पुसायला लागले.

तेव्हापासून भाऊंना शंभरचा ध्यास लागला आहे. शंभर ऑक्टेनचं, बिनइथेनॉलचं पेट्रोल इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली, मुंबई, पुण्यासारख्या मोजक्या शहरांत आणलं. लिटरला दीडशेच्या पुढे. ते मथुरेच्या रिफायनरीत बनतं हे कळल्यावर भाऊंची श्रद्धाच बसली. "मथुरेचं हाय म्हंजे शुद्धच असन!" ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, तेव्हा लोक दवाखाना, कॉलेज, कचेऱ्या यांबद्दल बोलत होते. भाऊंची मागणी एकच होती. जिल्ह्याला कलेक्टर भेटला, एसपी भेटला, आता शंभरचा पंप भेटला पाहिजे. भाऊंखेरीज गिऱ्हाईक कोण, असं कुणी विचारलं नाही. नव्या जिल्ह्यात सगळेच काही ना काही मागत होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवायचं, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि झाडावरच्या झेंड्यासाठी दिवसभर दगडफेक. माणसं रक्तबंबाळ होतात, जीवही गेले आहेत, पोलीस आणि प्रशासन दरवर्षी समजावून थकतात. भाऊ स्वतः काठावर जातात, तरुणपणी एक खोकही पडली आहे, ती ते आवडीनं दाखवतात. पण गाडी आदल्या दिवशीच सौंसरला सासरी पोचवतात. डोकं शिवता येतं. फायबरचं अंग मिळत नाही.

पावसाळा संपेपर्यंत गाडी तशीच सासरच्या पडवीत ताडपत्रीखाली राहते. उभ्या गाडीतलं पेट्रोल शिळं होतं, म्हणून आंबिया तोडीला आला की भाऊ नळी लावून ते डब्यात काढतात. टाकायला जीव होत नाही. ते मग मळ्यात जातं, ऑइल मिसळून फवारणीच्या पंपात. त्या पंपाएवढं भारी पेट्रोल अख्ख्या शिवारात दुसरं कुणी पीत नाही.

परवा संत्र्यावरच्या कोळशी रोगावर फवारणी चालू होती. सालदार पंप पाठीवर घेऊन धुऱ्यावर आला, घाम पुसला आणि म्हणाला, "भाऊ, यंदा पंप लय जोरात मारून रायला. झाडाच्या शेंड्यापर्यंत चालला फवारा."

भाऊ ताडकन उठले. "पाह्य! त्या मिस्त्र्याले फोन लाव. लाव आताच्या आता!"